कंपनीची लेन्स

सरळगावच्या नाक्यावर एक रस्ता माळशेजकडे जातो आणि दुसरा किन्हवलीवरून शहापूरला वळतो. त्या वळणाला लागूनच भगीरथ हरडचा फोटो स्टुडिओ होता. बाहेर काउंटर, आत निळा पडदा आणि दोन छत्र्या, त्यामागे संगणक. संगणकावर त्याची बायको संजीवनी बसे. फोटो तो काढी, पण ठेवायचा कुठला, टाकायचा कुठला, अल्बमात कुठलं पान आधी यायचं, हे सगळं ती ठरवी. बावीस वर्षांत टोकावड्यापासून डोळखांबपर्यंतच्या किती घरांतली लग्नं दोघांनी कागदावर उतरवली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

माणूस कमी बोलणारा. लग्नघरी गेला की आधी मांडवात एक फेरी मारी, उजेड कुठून येतो ते बघे, आणि मग दिवसभर कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पाठवणीच्या वेळी मात्र त्याला जागचं हलवायची कुणाची छाती नव्हती. सगळे नवरीकडे वळलेले असताना हा बापासमोर जाऊन उभा राही.

"नवरी रडणारच," तो म्हणे. "बाप कवा रडंल ते सांगता येत नाय. त्याच्यासाठी थांबाय लागतं."

त्या एका फोटोसाठी लोक मुरबाडचे मोठाले स्टुडिओ सोडून त्याच्याकडे येत. त्याला ते ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचा थोडा तोराही होता.

त्या वर्षी पाऊस लांबला. नवरात्र उलटलं तरी भिंतींची ओल सुटेना. तुळशीच्या लग्नानंतर कामं सुरू व्हायची म्हणून त्याने बॅग उघडली, झूम लेन्स उजेडासमोर धरली आणि तसाच उभा राहिला. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती. कल्याणच्या कारागिराने लेन्स उघडून बघितली आणि मान हलवली. काच खाल्ली गेली होती.

आता नवी घ्यायची, तर कुठली? कॅमेऱ्याच्याच कंपनीची, की बाहेरच्या कंपनीने त्याच कॅमेऱ्यासाठी बनवलेली, जिला धंद्यातले लोक थर्ड पार्टी म्हणतात ती? दुसरी जवळजवळ निम्म्या किमतीत मिळत होती. भगीरथने आयुष्यात तसल्या लेन्सला हात लावला नव्हता. कल्याणच्या ज्या म्हाताऱ्या फोटोग्राफरकडे तो शिकला, त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की बाहेरचं भिंग लावणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालून सुई ओवणं.

त्याच म्हाताऱ्याकडे, त्याच अंधाऱ्या खोलीत त्याच्याबरोबर प्रिंट धुवायला शिकलेला आणखी एक जण होता. शाम निमसे. त्याचा स्टुडिओ शहापूरला, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. शामने दोन वर्षांपूर्वीच थर्ड पार्टी लेन्स घेतली होती आणि तो सगळ्यांना तिचे गुण सांगत सुटला होता. भगीरथ जीप पकडून त्याच्याकडे गेला.

"तू आधी बग, मग बोल," शाम म्हणाला. त्याने कुणाकडून तरी दिवसभरासाठी कंपनीची लेन्स मागून आणली होती. दोघांनी एकाच कॅमेऱ्यावर आलटून पालटून दोन्ही लावल्या. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवून काढलं, गल्लीतली माणसं काढली, लांबचे माहुलीचे सुळके काढले, दिवे मालवून एकमेकांची तोंडं काढली. मग शामने सगळे फोटो संगणकावर मिसळून टाकले.

"हां, आता सांग. कंपनीचे कुठले?"

भगीरथने नाकावर चष्मा सरकवला, एकेक फोटो मोठा करून बघितला आणि सोळातले आठ खात्रीने बाजूला काढले. शाम हसू दाबत होता. त्या आठांतले पाच थर्ड पार्टीचे निघाले.

"गुरुजी वर बसून शिव्या देत असतील," शाम म्हणाला.

"झूमची कडी उलटी फिरते हिची," भगीरथ कुरकुरला. "बावीस वर्सं डावीकडं फिरवतोय मी."

"मग आता उजवीकडं फिरव. आठ दिवसांत हाताला कळंल."

भगीरथने घेतली. घेताना त्याला वाईट वाटलं नाही, उलट हुशारी केल्यासारखं वाटलं. वाचलेल्या पैशात संजीवनीसाठी फोटो छापायचं मशीन आलं. प्रिंटसाठी कल्याणला खेपा घालायच्या बंद झाल्या. संजीवनीने पहिल्या दिवशी मशीनला हळदकुंकू लावलं, आणि त्यावर जे पहिलं चित्र छापलं ते आपल्याच दाराचं, रांगोळीसकट.

माघात धसईजवळच्या एका गावातलं लग्न आलं. विठू पष्टेची एकुलती एक मुलगी माधुरी. विठूच्या पोटात गाठ होती. मुंबईहून परत पाठवलेलं होतं, आणि परत का पाठवलं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. लग्न त्यामुळेच घाईने ठरलं होतं. विठूची बायको काशी आदल्या दिवशी स्टुडिओत येऊन भगीरथला म्हणाली होती, "दादा, बाकीचे फोटो नाय आले तरी चालतील. पोरीचा न् यांचा एक आला पायजे."

"येईल ना, वयनी. ते माझ्यावर सोडा."

दिवसभर विठू आत खाटेवर पडून होता. धवलेरी बायका लग्नाची गाणी गात होत्या, पंगती उठत होत्या, आणि अधूनमधून कुणीतरी आत जाऊन त्याला काय चाललंय ते सांगून येत होतं. दिवस कलताना पाठवणीची गडबड झाली, तेव्हा दोघांनी धरून त्याला अंगणात आणलं. खांद्यावरचा सदरा हँगरला अडकवल्यासारखा लोंबत होता. माधुरी पाया पडायला वाकली, तर त्याने धरणाऱ्यांचे हात झटकले, तिला उठवलं आणि तिचं तोंड दोन्ही तळव्यांत धरलं. रडला नाही. नुसता बघत राहिला, कुणी पाठ करून ठेवावं तसा.

भगीरथ समोरच होता. उजेड उतरला होता, पण फ्लॅश मारून ती घटका मोडायची नाही एवढं त्याला कळत होतं. त्याने श्वास धरला आणि सात वेळा बटण दाबलं. घरी येताना मोटरसायकलवर तो स्वतःशीच म्हणाला, बावीस वर्षांत असा फोटो झाला नाही.

सातही हलले होते. कॅमेऱ्याच्या बोटभर पडद्यावर ते कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संजीवनीने संगणकावर मोठे केले, तेव्हा विठूच्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन करडे ओरखडे होते.

विठू सोळाव्या दिवशी गेला. तेरावं झाल्यावर काशी आणि माधुरी स्टुडिओत आल्या. माधुरीच्या नखांवरची मेंदी अजून पुरती उतरली नव्हती. भगीरथने आधी मांडवातले, जेवणाचे, पाहुण्यांचे फोटो दाखवले. शेवटी दाखवण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. माधुरी पडद्याजवळ सरकली.

"यात बाबांचं तोंड कुठं हाय?"

काशीने पदर तोंडाला लावला आणि ती बाहेर जाऊन पायरीवर बसली.

त्या जाताच भगीरथने लेन्स कॅमेऱ्यावरून उपटून काउंटरवर आदळली. मग मोबाइल उचलला. मुरबाड आणि शहापूरच्या फोटोग्राफरांचा एक ग्रुप होता, दोनशेच्या वर माणसं. त्यात त्याने तो हललेला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, की शाम निमसेच्या नादी लागून थर्ड पार्टी लेन्स घेतली, तिने मेलेल्या माणसाचा शेवटचा फोटो खाल्ला, आता कुणी त्याच्या बोलण्यावर जाऊ नका. लिहिताना अंगठा इतका थरथरत होता की तीनदा खोडावं लागलं. रागाने, असं त्याला वाटलं.

ग्रुपवर धुरळा उडाला. कुणी म्हणालं, स्वस्तातली म्हैस खुंट्यालाच आटते. कुणी विचारलं, शामला यात कमिशन किती? शामच्या सांगण्यावरून दोघांनी लेन्स मागवली होती, त्यांनी रद्द केल्याचं तिथेच जाहीर केलं. शामचं उत्तर तासाभराने आलं. "बरोबर असेल भाऊ. माझं चुकलं." एवढंच.

तीन दिवसांनी शाम स्वतः सरळगावला आला. भगीरथ काउंटरमागे पाकिटांवर नावं घालत बसला होता. त्याने मान वर केली नाही. शाम दारात थोडा वेळ उभा राहिला, "भगीरथ, जरा बोलायचं हाय," म्हणाला. भगीरथने आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. संजीवनी बाहेर आली तेव्हा शाम रस्ता ओलांडून जीपमध्ये बसत होता.

मग कंपनीची लेन्स आली. थर्ड पार्टी विकली ती मातीमोल भावाने, कारण तिची बदनामी त्यानेच करून ठेवलेली. कमी पडलं तिथे छापायचं मशीन गेलं. टेम्पोवाला मशीन उचलत असताना संजीवनी आत भाकऱ्या थापत राहिली. भगीरथ म्हणाला, "पुढल्या सीझनला नवं घिऊ." ती "हां" म्हणाली.

नवी लेन्स हातात घेतल्यावर त्याला जुन्या मित्राला भेटल्यासारखं झालं. कडी डावीकडे फिरत होती. वजन ओळखीचं होतं. वैशाखात किन्हवलीकडची एक हळद होती, मांडवभर पिवळे दिवे लावलेले. तो मन लावून काम करून आला.

सकाळी संजीवनीने फोटो उघडले. भगीरथ मागे उभा होता, दोन्ही हातांत चहाचा पेला. भर उन्हात काढलेले फोटो लखलखीत होते. मग हळदीचे आले. एक, दोन, पाच, नऊ.

"थांब," तो म्हणाला. "हा मोठा कर."

नवरदेवाच्या डोक्यामागे दिव्यांची माळ होती. प्रत्येक दिवा गोल असायला हवा होता. त्याऐवजी प्रत्येकाला खाली डावीकडे वळणारं शेपूट होतं, गळाच्या आकड्यासारखं. सगळ्या दिव्यांना तेच, तेवढंच. लेन्स खराब असेल तर फोटो एका कोपऱ्यात खाते, नाहीतर सगळा विरघळवते. आकडा काढत नाही. आकडा हात काढतो. हे त्याला गुरुजींनी शिकवलं होतं आणि त्याने पुढे चौघांना शिकवलं होतं.

"विठू पष्टेचा उघड."

तिने उघडला. मागे पडवीत एक बल्ब लागलेला होता. त्यालाही तेच शेपूट, खाली डावीकडे.

भगीरथ खुर्चीवर बसला. चहा पेल्यात हिंदकळत होता आणि तो त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा बघत होता. संजीवनीने पेला त्याच्या हातून काढून घेतला.

"तुला म्हाईत होतं?" त्याने विचारलं.

तिने माउसवरचं बोट उचललं. "वरीस झालं. आधी दहात एक यायचा असा. मग दोन, तीन. मी काढून टाकायची. म्हटलं दमताय. म्हटलं वय झालं, चष्म्याचा नंबर वाढला आसंल." मग खालच्या आवाजात, "मशीन नेलं त्या दिवशी सांगणार होते. तुमी किती आशेनं बोलत होतात त्या लेन्सबद्दल. जीभच उचलली नाय."

"जुन्या लेन्सला पण यायचे?"

"बुरशी लागायच्या आधीपासून."

कल्याणच्या डॉक्टरने त्याला समोर चालायला लावलं, बोटं मिटायला-उघडायला लावली. मग कागद पुढे केला आणि स्वतःचं नाव एकाखाली एक लिहायला सांगितलं. पहिलं 'भगीरथ' नीट आलं. दुसरं लहान झालं. पाचवं मुंग्यांच्या ओळीसारखं दिसत होतं. पाकिटांवरची नावं गेल्या वर्षापासून अशीच बारीक होत चालली होती, आणि आपण कागद वाचवतोय असं त्याला वाटत होतं.

"कंपवात," डॉक्टर म्हणाला. "सुरुवात आहे. गोळ्यांनी बराच आटोक्यात राहील. जात मात्र नाही."

"मी फोटोग्राफर हाय, सायेब."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं.

गोळ्या सुरू झाल्यावर आठवड्याने तो शहापूरला गेला. शाम काउंटरवर एका बाईला फोटोंचं पाकीट देत होता. ती जाईपर्यंत भगीरथ दारात उभा राहिला, जसा शाम त्याच्या दारात राहिला होता. मग त्याने चपला काढल्या, आत आला आणि डॉक्टरचा कागद समोर ठेवला. शामने तो वाचला आणि घडी घालून परत दिला.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला. "ग्रुपवर तू फोटो टाकलास ना, तवाच. मागच्या बल्बला शेपूट होतं."

"मग बोलला का नाय?"

"काय बोलू? दोनशे माणसांत सांगू, भगीरथचा हात गेला? दुसऱ्या दिवशी तुझ्या सगळ्या कामांच्या सुपाऱ्या गेल्या असत्या. लेन्सचं काय, तिला शिव्या घातल्या तर ती उपाशी मरत नाय."

"मला एकट्याला सांगायचंस."

"आलतो ना सांगायला. तू दार लावलंस."

भगीरथने मान खाली घातली. बाहेर एसटी मागे घेताना वाहकाची शिट्टी वाजत होती.

"आनि खरं सांगू का," शाम म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला, "नंतर मी परत आलो नाय, ते रागानं. फोन करता आला असता. नाय केला. म्हटलं, कळंल त्याचं त्याला. घेऊ दे कंपनीची, मग कळंल. तुझं मशीन गेलं ते कानावर आलं होतं माझ्या. तरी गप्प बसलो. राग अजून हाय. उगाच नाय म्हणनार नाय."

"असू दे," भगीरथ म्हणाला.

"ग्रुपवर काय लिहू नको आता. झालं गेलं."

पण भगीरथने लिहिलं. जीपमध्ये बसूनच, एका एका अक्षरासाठी अंगठा टेकवत. लेन्स चांगली होती, शाम निमसे खरं बोलत होता, फोटो माझ्या हाताने हलला, मला कंपवात झाला आहे. भगीरथ हरड, सरळगाव.

यावेळी धुरळा उडाला नाही. हात जोडलेली चित्रं आली, काळजी घ्या असे निरोप आले. चौथ्या दिवसापासून फोन यायला लागले. सगळे अदबीने बोलत. पोराचा मामा म्हणतो मुरबाडचाच स्टुडिओ सांगू. तारीख पुढं गेलीय, कळवतो. एकाने तर खरंच हळहळून विचारलं, "दादा, हळदीपुरते दुसरे कुनी पाठवाल का?" लग्नांच्या ज्या आगाऊ सुपाऱ्या घेतल्या होत्या, त्या त्याने सगळ्यांना परत केल्या.

राहता राहिली काशी. तिच्याकडे जायला त्याला महिना लागला. ती दारात नाचणी पाखडत होती. माधुरी सासरी होती. भगीरथ अंगणात, जिथे विठू उभा होता साधारण तिथेच उभा राहिला आणि जे होतं ते सांगितलं: भिंगाचा दोष नव्हता, माझ्या हाताचा होता, मला ठाऊक नव्हतं, तुमची माफी मागायला आलोय.

काशीने सूप खाली ठेवलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"हाताचा असंल, नायतर भिंगाचा," ती म्हणाली. "आमाला काय, दादा? मानूस तर दिसत नाय ना त्यात." मग उठत, "बसा. पानी आनते."

पुढल्या सीझनला स्टुडिओ चालू राहिला तो पासपोर्टच्या आणि शाळेच्या फोटोंवर. कॅमेरा स्टँडवर पक्का बसवलेला, बटण बहुतेक वेळा संजीवनी दाबी. शामने एकदा निरोप पाठवला, की डोळखांबकडे एक लग्न आहे, नुसता ये, उभं कुठं राहायचं तेवढं सांग, दाबायचं मी बघतो. राग पुरता गेला नव्हता हे निरोपाच्या कोरडेपणावरून कळत होतं, पण निरोप आला होता. भगीरथ गेला. दिवसभर शामला उजेड दाखवत फिरला, पंगतीत बसून जेवला, तब्येत विचारणाऱ्या लोकांना उत्तरं दिली.

पाठवणीची वेळ झाली तेव्हा त्याने शामला नवरीच्या बापासमोर नेऊन उभं केलं. बाप धडधाकट होता, मिशीवाला, सगळ्यांना हसून सांभाळून घेत होता. भगीरथने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत हे आपण कधी उघड्या डोळ्यांनी बघितलेलं नाही. मध्ये कायम काच होती. बापाची हनुवटी हलायला लागली तसा तो वळला, माणसांमधून वाट काढत मांडवाबाहेर आला, आणि वरातीच्या गाड्यांचे ड्रायव्हर जिथे तंबाखू मळत उभे होते तिथे, रस्त्याकडे तोंड करून, सगळं उरकेपर्यंत थांबला.

त्यानंतर शामने आणखी दोनदा बोलावलं. तो गेला नाही.